उघडल्याची तारीख

ऑर्फाने फ्रिजचं दार स्वतःच उघडलं, लोण्याचं भांडं उचलून खालच्या कप्प्यात ठेवलं आणि बाजूला झाली. फोटोत सगळं नीट दिसायला हवं ना!

"राहू द्या हो मावशी, आहे तसं चालेल," म्हणत तपासणीला आलेल्या शेल्बीने फोन समोर धरला. एक कप्पा, एक फोटो. बालकल्याण खात्याचा तसा नियमच होता, आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे खात्याच्या कचेरीत जाऊन पोचत होता.

ही खात्याची शेवटची भेट. सहा ऑगस्टला न्यायाधीश सही करणार होते आणि सात वर्षांची ब्रायली कायद्याने कायमची आजीची होणार होती. केंड्रा, ऑर्फाची एकुलती लेक, गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून कागदोपत्री नात तिच्याकडे 'तात्पुरती' होती. तात्पुरती! पोटच्या पोरीची पोर, आणि म्हणे तात्पुरती. तो शब्द छापणाऱ्याला एकदा समोर उभा करावा असं ऑर्फाला फार वाटायचं.

फ्रिजमध्ये लपवण्यासारखं काही नव्हतंच. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. ही शेल्बीसुद्धा शाळेत तिच्याच हातचे मऊ बिस्किटपाव आणि रस्सा खाऊन वाढलेली. चर्चच्या जेवणाला जाताना गावातल्या सगळ्याच बायका भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी लावायच्या, भांडं घरी परत यावं म्हणून. ऑर्फा मात्र घरातल्या लोणच्यालाही लावायची: कुणाचं, काय, कधी उघडलं. ऑर्फाकडे गेलात तर फार वेळ एका जागी उभे राहू नका, पाठीला पट्टी लागेल, अशी गावात थट्टा चालायची.

शेल्बीचा हात थांबला.

"मावशी, ही बरणी कसली?"

बरणीवर ठळक अक्षरं होती. 'ऑर्फा. औषध. मुलांनी हात लावायचा नाही. ३ जुलै.'

"ते होय! माझ्या खुब्याचं औषध. हेम्पची गमी, चघळायची मऊ गोळी. झोपताना अर्धी चघळायची, की रात्र बरी जाते. लॉयडच्या पेट्रोलपंपावर मिळते, च्युइंगगमच्या शेजारीच ठेवलेली असते. पावती आहे माझ्याकडे, थांब."

कर नाही त्याला डर कशाला! ती लंगडत कपाटापाशी गेलीसुद्धा. वाटेत तिने ओट्याची कड धरली, मग खुर्चीची पाठ.

"पावती नका शोधू," शेल्बी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "ही वस्तू एक जुलैपासून बंद झालीय."

"बंद? लॉयड काही बोलला नाही."

"म्हणजे बेकायदा झालीय. विकणं तर सोडाच, घरात ठेवणंसुद्धा. हेम्पचं, म्हणजे नशा न आणणाऱ्या भांगेचं झाड अजून चालतं, पण त्याच्या अर्कावर कारखान्यात प्रक्रिया करून हे जे बनवतात ना, ते नाही चालत. तीस जूनपर्यंत चालत होतं. आता ते नशेच्या पदार्थांच्या यादीत आहे."

"ही?"

"हीच."

"अगं, याच बरणीतली?"

शेल्बीने मान डोलावली. ऑर्फाला आधी हसूच आलं. मग शेल्बी हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. ती खुर्चीवर बसली.

"तीस तारखेला झोपले तेव्हा औषध होतं, आणि सकाळी उठले तर नशा? रात्रीतून मी केलं तरी काय गं?"

"तुम्ही काही नाही केलंत. कायदा बदलला." शेल्बी तिच्यासमोर उकिडवी बसली. "मावशी, नीट ऐका. घेतलीत कधी? जूनमध्ये ना?"

"वीस जूनला. पावतीवर आहे."

"मग जूनमधली बरणी होती, मागे पडून राहिली, तुम्ही विसरून गेलात. असंच झालं ना?"

"विसरले कशी? रोज घेते की. झाकण तीन जुलैला काढलं. वर लिहिलंय बघ. आणल्याची नाही, उघडल्याची तारीख लिहायची असते."

शेल्बीने डोळे मिटून घेतले. मग तिने हातातल्या फोनकडे पाहिलं. तो फोटो केव्हाच कचेरीत पोचला होता. लोण्याचं भांडं बाजूला केल्यामुळे त्यात तारीख अगदी स्वच्छ आली होती.

"अगं बाई," ऑर्फा म्हणाली. "माझ्या हातानेच की गं."

बाहेर व्हरांड्यात घेवड्याच्या शेंगा अर्ध्या मोडून ठेवलेल्या होत्या. त्यांच्यावर माश्या घोंघावत होत्या. ऑर्फा एकाएकी उठली, खुब्यात कळ आली तशी दात आवळून उभी राहिली, आणि पिठाच्या डब्यामागे हात घालून तिने एक नारिंगी बाटली बाहेर काढली.

"हे बघ! मार्चमध्ये डॉक्टरांनी मला या दिल्या होत्या. मोज. तीसच्या तीस आहेत. एक जरी तोंडात घातली असेल तर जीभ झडो माझी. या घ्यायच्या नाहीत म्हणून तर मी त्या गमीकडे वळले. लिही, हे लिही तुझ्या कागदात!"

शेल्बीने बाटलीवरचं नाव वाचलं, औषध वाचलं, तारीख वाचली. आणि तिचा चेहरा उजळला.

"मावशी! अहो, हे आधी नाही का सांगायचं? हे आहे की तुमच्याकडे! डॉक्टरांची चिठ्ठी आहे, तुमचं नाव आहे. हे चालतं."

ऑर्फा तिच्याकडे बघतच राहिली.

"काय चालतं?"

"या गोळ्या. कुलपात ठेवायच्या, एवढंच."

"शेल्बी, या कसल्या गोळ्या आहेत माहीत आहे तुला?" ऑर्फाचा आवाज चिरकला. "केंड्राची पाठ धरली होती, वृद्धाश्रमात म्हातारी माणसं उचलून उचलून. तिला डॉक्टरांनी याच दिल्या. मग त्या सुटल्याच नाहीत. सकाळी मी दार उघडलं तेव्हा तिच्या उशाशी हीच बाटली होती. हीच! आणि ही चालते?"

"माहीत आहे मला," शेल्बी हळूच म्हणाली. "आम्ही एका वर्गात होतो."

तिने बाटली टेबलावर उभी केली.

"पण मावशी, ही बाटली चालणाऱ्या औषधांच्या यादीत बसते आणि ती गमी बसत नाही. यादी मी नाही केली."

"मग मी काहीच घेत नाही. दुखू दे."

"मग इथे काय लिहू?" शेल्बीने कागद पुढे केला. पालक मुलाची देखभाल करण्यास शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे काय? पुढे एक रिकामा चौकोन होता. "आत्ता कपाटापर्यंत जाताना तुम्ही दोनदा आधार घेतलात. मी पाहिलं. न्यायालयाचा माणूस येईल तोही पाहील. ब्रायलीला ताप आला, रात्री उचलून गाडीत न्यायची वेळ आली, तर?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते खोटं नाही. आणि इथे तर चोराला घरात पाहुणा करून ठेवायला सांगत होते.

शेल्बी भराभरा लिहायला लागली. एकेक वाक्य ती मोठ्याने वाचत होती. बरणी सापडली. कायदा बदलल्याची कल्पना नव्हती. माझ्यासमक्ष नष्ट केली. पालक पुन्हा डॉक्टरांच्या उपचारांवर.

"असं गेलं तर सही होईल. मी स्वतः साक्षीला उभी राहीन. लघवी तपासतील, त्यात जुन्या गमीचा अंश निघेल, म्हणून बंद केल्याची आजची तारीख घातलीय. आणि या गोळ्या दिसल्या तर हरकत नाही. उलट दिसलेल्या बऱ्या. उपचार चालू आहेत असं होतं."

"दिसलेल्या बऱ्या," ऑर्फा म्हणाली.

शेल्बीने बरणी कॉफीच्या चोथ्यात पालथी केली, वर भांड्यांचा साबण ओतला, पिशवीला गाठ मारली. मग गाडीतून तिने एक करडी लोखंडी पेटी आणून टेबलावर ठेवली. औषधं ठेवायला खातं ती फुकट देतं. किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची, एवढंच तिने जाताना सांगितलं. गाडी वळणाआड गेली.

ऑर्फाने बाटलीचं झाकण दाबून फिरवलं. सवयीने गोळी फळीवर ठेवून सुरीने अर्धी केली. चुरा उडाला, तो तिने ओल्या बोटाने टिपून पुसून टाकला. केंड्रानेही पहिली गोळी अशीच घेतली होती, याच टेबलाशी, ऑर्फानेच भरून दिलेल्या पाण्याच्या पेल्याबरोबर. घे गं बाई, डॉक्टर काय वेडे आहेत? असंही हिनेच म्हटलं होतं.

तिने अर्धी गोळी पाण्याबरोबर गिळली. मग चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर स्वतःचं नाव घातलं, आजची तारीख घातली आणि बाटलीला लावला.

बाहेर चर्चच्या गाडीचा भोंगा वाजला. ब्रायली पायऱ्या उड्या मारत चढली. उन्हाळी शिबिरात केलेला पुठ्ठ्याचा मुकुट तिच्या डोक्यावर तिरका झाला होता. ऑर्फा घाईने बाटली पेटीत ठेवायला गेली आणि आतल्या गोळ्या वाजल्या.

ब्रायली दारातच थबकली. मग तिचा चेहरा असा फुलला, की तसा ऑर्फाने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"आईचा खुळखुळा!" ती हात पुढे करून धावली. "मला आठवतो! आई मला वाजवायला द्यायची. कुठे होता इतके दिवस? दे ना, आजी!"

ऑर्फाने पेटीचं झाकण लावलं. किल्ली फिरवली. आणि किल्ली मुठीत घट्ट धरून ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. ती कुठे ठेवावी हे काही केल्या तिला सुचेना.