गवत उगवलंय

"अरे, सोड ते गवत. वाट बघत असेल तो पोरगा."

इसामूनं ऐकलं नाही. बंद पडलेल्या आमच्या थिएटरच्या दारात, फरशीच्या फटीतून वर आलेलं गवत तो जाता-येता उपटत असतो. याच दारामागं आम्ही नवरा-बायकोनं जोडीनं अख्ख्या ओसाकाला हसवलं. तो वेड्यासारखं बोलायचा, मी त्याला झापायची. घरीही तेच चालतं, फक्त टाळ्या नसतात.

"आज नाही जमलं, तर मी खेळ करणं थांबवणार," हात झटकत तो म्हणाला. "उगाच सूट घालून मिरवायचं नाही."

 थांबला, तर हा माणूस भिंतीकडे बघत दिवस काढेल, याची मला खरोखर भीती वाटत होती.

त्या पोराची, हिराओकाची, व्हिडिओ कंपनी म्हणजे उदोन नूडल्सच्या दुकानावरची एक खोली. लहानपणी तो आजीचा हात धरून आमचे खेळ बघायला यायचा. आता तोच आमचा खेळ इंटरनेटवर थेट दाखवणार होता. खोलीत कॅमेरे, तो आणि आम्ही दोघं. समोर एकही प्रेक्षक नाही.

"हसणार कोण? हे यंत्र?" इसामूनं विचारलं.

"मास्तर, व्हिडिओ म्हणजे मोठं थिएटर नव्हे. एकेकाच्या उशाशी टाकलेली खुर्ची आहे ती. ओरडू नका, घाई करू नका. लोकांना नवा विनोद नकोय, रोज तेच दोघं भांडताना दिसायला हवेत. माझा सगळा धंदा त्यावर उभाय."

"मग पडेल," इसामू म्हणाला.

खेळ सुरू झाला. पहिला विनोद झाला, आणि शांतता. हसू ओसरेपर्यंत थांबायची आम्हाला सवय, इथं ओसरायला काही नव्हतंच. इसामू गडबडला, वाक्यावर वाक्य फेकू लागला.  मध्येच बोलता येईना म्हणून हिराओकानं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आमच्यासमोर धरलं: 'गवत उगवलंय!'

इसामूचा चेहरा उतरला. त्याला ते थिएटरचं दारच दिसलं असणार. तो थांबला, आणि बराच वेळ थांबला.

"फुमियो," हळूच म्हणाला, "आपल्यावर गवत उगवलंय म्हणे."

"मग चर की. रात्रीचा स्वयंपाक तरी वाचेल माझा."

हिराओका तोंडात मूठ कोंबून खालीच बसला. इसामूनं मात्र सगळं संपलं असं धरून घाई सोडली, आणि शेवटपर्यंत निवांत खेळला. तसा तो कित्येक वर्षांत खेळला नव्हता.

खेळ संपल्यावर त्यानं कोट काढून घडी घातली. "माफ कर रे, नाही जमलं."

"नाही जमलं?" हिराओकानं लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. "अहो मास्तर, आपल्या जपानीत हसणं म्हणजे वाराई. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की डब्ल्यूनं सुरू होतं. हसू आलं की बघणारे लोक कॉमेंटमध्ये नुसता डब्ल्यू दाबत सुटतात. त्याची रांग गवतासारखी दिसते, म्हणून आम्ही म्हणतो गवत उगवलं."

इसामूनं चष्मा लावला. पडदाभर डब्ल्यूच्या ओळींखाली ओळी होत्या.

"हे सगळं हसू?"

"सगळं."

माझा जीव भांड्यात पडला. इसामूनं घडी केलेला कोट परत अंगात चढवला.

"उद्या किती वाजता यायचं?"

परतताना थिएटरच्या दारापाशी तो सवयीनं वाकला. हात पुढं नेला आणि तसाच मागं घेतला.

"असू दे," म्हणाला, "हसतंय बिचारं."