मार्गदर्शिकेतून गाळलेली ओळ

फिनलंडमधल्या फोर्सासारख्या गावात नाव कमवायला फारसं काही लागत नाही. मला ते एका चोवीस पानी पुस्तिकेने मिळालं. 'जुन्या गेमयंत्रांसाठी फ्लॅश कार्ट्रिज आणि घरगुती गेम: नवशिक्यांची मार्गदर्शिका', लेखक किम्मो, म्हणजे मीच. दिवसा मी नगरपालिकेत पाण्याच्या मीटरांचं काम बघतो आणि तिथे मला कुत्रंही विचारत नाही. पण हातात धरायच्या त्या करड्या, जाडजूड गेमयंत्रांच्या वेड्यांमध्ये तुर्कूपासून रोवानिएमीपर्यंत माझं नाव ठाऊक आहे. फ्लॅश कार्ट्रिज म्हणजे कोरं कार्ट्रिज. त्यातल्या मेमरी कार्डावर आपण घरी बनवलेला गेम भरायचा, कार्ट्रिज यंत्रात खोचायचं आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर आपलं स्वतःचं काहीतरी हलताना बघायचं. ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा माणूस वेडाच होतो. मी झालो होतो, म्हणून तर पुस्तिका लिहिली.

दर ईस्टरच्या शनिवारी आम्ही गावातल्या प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये जमतो. साठ-सत्तर माणसं, बहुतेक दाढीवाली, काळ्या शर्टातली, बूट दाराशी काढून नुसत्या मोज्यांवर हिंडणारी. दुपारी स्पर्धा असते. प्रत्येकाचा गेम खऱ्या यंत्रावर, माझ्याच फ्लॅश कार्ट्रिजमधून, मोठ्या पडद्यावर दाखवायचा. प्रत्येकजण टोपणनावाने गेम पाठवतो. दाखवून झाला की बनवणारा बसल्या जागेवरून हात वर करतो, हॉल टाळ्या वाजवतो आणि मग कळतं की हा तो. काहीजण वर्षभर राबतात ते त्या एका हात वर करण्यासाठी.

यंत्र माझ्या ताब्यात असतं. आदल्या दिवशी सगळे गेम लावून बघायचे, एखादा अडकला तर बनवणाऱ्याला कळवायचं, आणि चूक बारीक असेल तर आपणच दुरुस्त करून तोंड मिटून बसायचं, अशी आमच्यातली रीत. मी तर ती पुस्तिकेत छापलीसुद्धा आहे, तिसऱ्या पानावर: 'तुमच्याकडे खरं यंत्र नसेल तर काळजी करू नका. गेम संगणकावर चालला की मला पाठवा. बाकीचं मी बघून घेईन.'

यंदा शुक्रवारी एक गेम अडकला. नाव 'जेवणाची सुट्टी', बनवणाऱ्याचं टोपणनाव 'काउहा'. आमच्या भाषेत काउहा म्हणजे ओगराळं. चूक काय ती मला बघताक्षणी कळली. प्रत्येक गेमच्या सुरुवातीला काही आकडे असतात आणि त्यांची बेरीज शेजारी लिहावी लागते. यंत्र चालू होताना ती बेरीज स्वतः करून बघतं आणि जुळली नाही तर तिथेच थांबतं. संगणकावरचं नकली यंत्र इतकं काटेकोर नसतं, ते चालवून घेतं. दुरुस्ती म्हणजे एक आज्ञा टाइप करायची, अर्ध्या मिनिटाचं काम.

मी ते केलं नाही.

का नाही केलं, हे मी नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं आणि दर वेळी उत्तर तेच आलं, दर वेळी लाज वाटली. मला नवशिक्यांचा कंटाळा आला होता. तेच प्रश्न, तीच रड. शिवाय मला हशा आवडायला लागला होता. मागच्या शरदात मी पुस्तिका नव्याने लिहिली, 'हे तर कुणालाही कळतं' असं म्हणत बऱ्याच ओळी उडवल्या आणि त्यांच्या जागी विनोद घातले. लोकांनी विनोदांचं फार कौतुक केलं. तर त्या शुक्रवारी मला वाटलं, हा काउहाचा गेम आहे तसाच लावू, गंमत येईल.

शनिवारी दुपारी लावला. पडद्यावर यंत्राच्या नावाची पाटी वरून खाली सरकली आणि थांबली. हॉल वाट बघत राहिला. मी मुद्दाम काही बोललो नाही. मग माईक घेतला आणि म्हणालो, "हा गेम फार खोल आहे. जेवणाची सुट्टी झालीये आणि सगळे जेवायला गेलेत." हशा झाला. मी पुढे म्हणालो, "काउहा महाशय, मार्गदर्शिका फुकट आहे. वाचायलाही पैसे पडत नाहीत." हशा वाढला, मागून कुणीतरी पाय आपटले, आणि मला इतकं बरं वाटलं की मी आणखी मिनिटभर ती पाटी तशीच ठेवली.

हॉलच्या कडेला शाळेच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. तिथून हिल्कामावशी दरवर्षी आम्हाला सूप आणि कॉफी देते. छत्तीस वर्षं ती याच शाळेत स्वयंपाकीण होती, आता निवृत्त आहे. मी सात वर्षांचा असल्यापासून तिच्या हातचं खातोय. त्या दुपारी ती खिडकीच्या अलीकडे, हॉलमध्ये उभी होती, अॅप्रन काढून, निळं चांगलं स्वेटर घालून, त्याला चांदीची पिन लावून. मला वाटलं, घरी पाहुणे येणार असतील. हशा ओसरल्यावर मी पुन्हा तिकडे पाहिलं तर ती आत गेली होती आणि पाठमोरी उभी राहून अॅप्रनची गाठ मारत होती. इतकं सगळं डोळ्यांसमोर होतं. ओगराळं हे नावसुद्धा. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. स्वयंपाकघरातल्या बाईकडे आपण ताट पुढे करण्यापुरतंच बघतो, दुसरं कारण नाही.

मध्यंतरात मी सूप घ्यायला गेलो. तिने ओगराळं उचललं नाही. पावाच्या ट्रेखालून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले कागद काढले. माझी पुस्तिका होती. छापून घेतलेली, कोपरे मऊ पडलेली.

"किम्मो, तुला एक विचारायचं होतं. घाईत नाहीस ना?"

मी नाही म्हणालो.

"पान अकरा बघ. मी एकेक ओळ केली की पेन्सिलने खूण करत गेले. सगळ्यांवर खूण आहे. मग माझं राहिलं कुठे?"

मी वाचायला लागलो. सातवी पायरी, खूण. आठवी, खूण. नववी, खूण. आणि दहावीच्या जागी, जिथे पूर्वी 'आता सुरुवातीच्या आकड्यांची बेरीज दुरुस्त करा' ही ओळ होती, तिथे माझा विनोद होता: 'इथवर पोचलात? शाबास. आता तुमच्या आजीलाही जमेल.' त्याच्यापुढेही तिने एक बारीक खूण केली होती.

"हे वाचून मी हसले होते हं," ती म्हणाली. "म्हटलं, जमलंच की आजीला."

खरं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. चूक तुझी नाही, माझी आहे, ओळ मीच काढली, आणि वर तुझाच तमाशा केला. तोंडातून निघालं ते एवढंच: "बघतो, मावशी." सूप न घेताच मी पळालो. होय, पळालोच, दुसरा शब्द नाही.

पडद्यामागच्या टेबलाशी बसून मी ती आज्ञा टाइप केली. अर्धं मिनिटही लागलं नाही. गेम कार्डावर घातला, कार्ट्रिज यंत्रात खोचलं आणि आधी एकट्यानेच खेळून बघितला.

शाळेची खिडकी होती, हीच. आपण आत उभे. बाहेरून ताटं घेतलेली मुलं एकामागून एक येतात, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, एकाला गाजर नको, एकीला दूध सांडायची सवय. घंटा व्हायच्या आत सगळ्यांना वाढायचं. चित्रं ओबडधोबड होती, पण ती मुलं चालायची कशी, ते छत्तीस वर्षं त्यांना बघितलेल्या माणसालाच जमलं असतं. सोमवार ते शुक्रवार असे पाच दिवस. प्रत्येक दिवसाच्या आधी एक सूचना यायची. पहिलीच होती सोमवारची: 'खाली बघत येणाऱ्याला विचारू नको. दोनदा वाढ.'

मी यंत्र टेबलावर पालथं ठेवलं.

सोमवारी खाली बघत येणारा मुलगा मी होतो. मी एकटाच नसेन, पण मी होतो. आमच्या घरी शुक्रवारी बापाचा पगार व्हायचा, दारूत जायचा आणि रविवारपर्यंत फ्रिजमध्ये मोहरीच्या सॉसची बाटली तेवढी उरायची. सोमवारी शाळेत सॉसेजचं सूप असायचं. मावशी मला एक ओगराळं वाढायची, मग न विचारता दुसरं, आणि नजर तोवर माझ्या मागच्या पोराकडे वळलेली असायची. सहा वर्षांत तिने मला एकदाही माझ्या तोंडाने मागायला लावलं नाही. ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. आणि ही बाई सत्तरी ओलांडल्यावर माझी पुस्तिका घेऊन बसली, पेन्सिलने खुणा करत शिकली, आणि मी सत्तर माणसांसमोर तिचं हसं केलं.

मतदान संपायला तासभर होता. गेम पुन्हा दाखवता येणार होता, पण काहीतरी कारण सांगावं लागणार होतं. मी माईक घेतला आणि म्हणालो, "मघाशी माझ्या कार्ट्रिजमध्ये बिघाड होता. काउहाचा गेम पुन्हा बघू." खोटं इतक्या सहज निघालं की माझा मलाच चटका बसला.

मी पडद्यावर खेळत गेलो. सुरुवातीला मागे कुजबुज होती, गाजराच्या मुलावर हसूही आलं, चांगलं हसू. शुक्रवारची घंटा झाली. मग टाळ्या, आमच्याकडे सहसा होतात त्याहून बऱ्याच लांब. सगळ्यांच्या माना वळल्या, हात कुणाचा वर होतो ते बघायला. एकही हात वर झाला नाही. खिडकीत हिल्कामावशी पाव कापत होती. सुरीवरची नजरही तिने उचलली नाही.

माझा आयोजनातला जोडीदार साउली, निकाल तोच लिहितो, मोठ्याने म्हणाला, "गडी लाजाळू दिसतोय."

तेव्हा मला कळलं की नुसता गेम चालून भागणार नव्हतं. तिने हात वर केला असता तर सगळ्यांना आठवलं असतं की मघाशी जिच्यावर हसलो ती हीच, आणि ती हसण्याजोगी नव्हती हे अजून कुणी सांगितलंच नव्हतं. बिघाड कार्ट्रिजचा, असं म्हणून मी फक्त स्वतःला वाचवलं होतं.

मी माईक पुन्हा उचलला.

"कार्ट्रिज ठीक होतं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. काउहाने माझ्या पुस्तिकेतली ओळन् ओळ पाळली होती. चूक पुस्तिकेत आहे. त्या जागेची ओळ काढून मी तिथे विनोद घातला. गेम अडकतो हे मला कालच माहीत होतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तुम्ही हसावं म्हणून मी ते ठेवून दिलं."

कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आमची माणसं शिव्याही देत नाहीत. सत्तरजण आपापल्या मोज्यांकडे बघत बसले. साउलीने माझ्या हातातून माईक हळूच काढून घेतला आणि पुढच्या गेमचं नाव पुकारलं. तोही माझ्याकडे बघत नव्हता. हात त्यानंतरही वर झाला नाही.

निकालात 'जेवणाची सुट्टी' दुसरी आली. साउलीने 'काउहा' असं तीनदा पुकारलं आणि प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवून दिलं. माणसं आवराआवर करायला लागली, तसा मी ते घेऊन खिडकीशी गेलो. ती कप घासत होती. म्हणाली, ठेव तिथे, हात ओले आहेत. मी ठेवलं.

"मावशी, अजूनही सांगता येईल. सगळे आहेत अजून. मी बोलावतो त्यांना."

"नको." तिने हात पुसले. "हात वर करायची वेळ होती ना, तेव्हा मी स्वेटर घालून उभी होते रे."

तिने एक ताट काढलं, तळाला उरलेलं सूप ढवळलं आणि एक ओगराळं वाढलं. एकच. मग ओगराळं पातेल्यावर तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. सहा वर्षं, दर सोमवारी, जिने नजर दुसरीकडे वळवली होती, ती आता थेट माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तुझ्या गेममध्ये विचारत नाहीत," मी म्हणालो.

"ते लहान मुलांसाठी," ती म्हणाली. "मोठ्यांना मागावं लागतं."

मागे खुर्च्या एकमेकींवर रचल्याचा आवाज येत होता. मी ताट दोन्ही हातांनी धरलं. भूक नव्हतीच, ते तिलाही ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षांत कुणाकडे कधी मागितली नव्हती ती माफी मागायची होती, आणि त्यासाठीचा पहिला शब्द मी शोधत होतो. ती थांबली. तिला कसलीच घाई नव्हती.