कागदी रुमालांवरची नावं

रविवारी दुपारी चारच्या सुमारास, अमेरिकेतल्या जॅक्सन शहराच्या पश्चिमेला एका बंद पडलेल्या सलूनमध्ये, दोन चाचणीपट्ट्यांपैकी एकीवर दोन रेघा उमटल्या. दुसरीवर एकच. एक रेघ म्हणजे एचआयव्ही आढळला नाही. दोन म्हणजे बहुधा आहे, आणि शिरेतलं रक्त देऊन खात्री करून घ्यायची. कोणती पट्टी कोणाची, हे तिथल्या तिघांपैकी एकालाही सांगता येईना.

तिघं म्हणजे ऑर्लँडस, टेविन आणि आई.

आईचं नाव रेनेल. पोस्टातून निवृत्त झालेला सहा फुटांहून उंच पुरुष, पण नाच-पोशाखांच्या स्पर्धांत उतरणाऱ्या आमच्या सेलेस्तीन घराण्याची आई. आमच्यातल्या ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलं त्यांना तिनं जेवू घातलं, ताठ चालायला शिकवलं, आणि स्पर्धा हरल्यावर चारचौघांत झापलंही. सलूनची जागा तिचीच. आरसे अजून भिंतींवर आहेत, म्हणून घराण्याचा सराव तिथे चालतो.

ऑर्लँडस याच घराण्यात वाढला. आता तो एका लहानशा संस्थेसाठी आमच्यासारख्या काळ्या समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांच्या चाचण्या करतो. समोरचा फार घाबरलेला असला तर तो आधी स्वतःचं बोट टोचून घेतो. संस्थेला हे पसंत नाही. किट वाया जातात, असं तिचं म्हणणं. पण खुर्चीतून उठून पळायला निघालेली माणसं त्यामुळे थांबतात, हे आम्ही पाहिलेलं आहे.

टेविन घराण्यातला नाही. गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, चौतीस वर्षांचा आहे, त्याला एक मुलगी आहे. बायकांबरोबर राहिला, पुरुषांबरोबरही. चाचणी मात्र कधी केली नव्हती. ऑर्लँडस त्याच्या मागे लागून लागून थकला होता, तेवढ्यात तो रविवारी आपणहून आला.

“त्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर माझं नाव घालायचं नाही,” बसायच्या आधीच त्यानं बजावलं. “नंबरही नको.”

“मग कुठे लिहू, तुझ्या कपाळावर?”

“कुठेही लिही. कचऱ्यात कोणाला सापडलं म्हणजे?”

ऑर्लँडसनं आधी स्वतःचं, मग टेविनचं बोट टोचलं. दोन कागदी रुमाल घेतले, त्यांवर दोघांची नावं लिहिली आणि एकेका रुमालावर एकेक पट्टी ठेवली. पिशवीतली ती शेवटची दोन किट होती. टेविनला पट्टीकडे बघत बसवेना, म्हणून दोघं बाहेर पायरीवर जाऊन बसले.

तेवढ्यात मागच्या खोलीतून तळलेल्या कॅटफिशचं ताट घेऊन आई आली. तिनं पट्ट्या अलगद उचलून खिडकीत ठेवल्या आणि मासे त्या रुमालांवर निथळायला काढले.

“आई, त्याच्यावर नावं होती,” आत येऊन ऑर्लँडस म्हणाला.

“रुमालावर? रुमालावर नाव कोण लिहितं, लेकरा? लग्नाच्या पंगतीला बसलायत का?”

मग तिनं त्याचा चेहरा पाहिला, खिडकीकडे पाहिलं, आणि हातातला झारा खाली ठेवला. “मी कोणती कुठे ठेवली ते मला आठवत नाही रे.”

टेविन अजून बाहेरच होता. आईनं ऑर्लँडसला मागच्या खोलीत ओढलं.

“सांग, दोन रेघांची तुझी आहे म्हणून. तुला यातलं सगळं कळतं, तुला झेपेल. त्याला दोन घास खाऊ दे आणि घरी जाऊ दे.”

“घरी गेला की परत येईल?”

आईनं शेगडी बंद केली.

“आणि त्याची असली तर? औषधाविना फिरत राहील तो.” ऑर्लँडस जरा थांबला. “माझीही असू शकते.”

“तुझी कशी? तू तर ती लागण टाळायची गोळी रोज घेतोस.”

“मार्चमध्ये औषधांचा विमा सुटला होता. बरेच दिवस गोळी नव्हती.”

“मला का नाही सांगितलंस?”

“ओरडली असतीस.”

“आता ओरडते, थांब,” आई म्हणाली. ओरडली नाही. त्याच्या मानेवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

ऑर्लँडसनं बाहेर येऊन टेविनला जसं घडलं तसं सांगितलं. टेविननं गाडीची किल्ली काढली.

“म्हणजे तुला माहीत नाही.”

“नाही.”

“हेच तर तुझं काम आहे ना?”

“हो. माझी चूक झाली. उद्या सकाळी मी दवाखान्यात रक्त द्यायला जातोय. तू पण चल. एकट्यानं जायची मला भीती वाटतेय.”

“तुला? तू रोज लोकांना टोचतोस.”

“लोकांना. स्वतःच्या दोन रेघा बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.”

टेविननं किल्ली बोटात फिरवली. “माझी निघाली तर?”

“रोज औषध घ्यायचं. नीट घेतलंस आणि रक्तातला विषाणू दिसेनासा झाला की शरीरसंबंधातून तुझ्यापासून कोणाला लागण नाही. म्हातारा होशील. मुलीच्या लग्नात वाईट नाचशील.”

“मी चांगला नाचतो.”

“नाही नाचत,” आतून आई म्हणाली.

टेविन न जेवताच निघाला. आईनं फॉइलमध्ये बांधलेले मासे त्याच्या गाडीच्या खिडकीतून आत ठेवले.

सोमवारी दवाखाना उघडला तेव्हा आवारात ऑर्लँडस एकटाच होता. टेविन येईपर्यंत रक्त द्यायला तो आत गेला नाही. नऊ वाजून गेल्यावर टेविनची गाडी वळली. अंगात गोदामाचं जाकीट होतं.

“मासे खारट होते. तिला सांग,” तो म्हणाला.

“तूच सांग. मला अजून बरेच दिवस जगायचंय.”

दोघांनी शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसून रक्त दिलं. निकाल ज्याचा त्याला फोनवर कळवू, बहुतेक शुक्रवारी, असं नर्सनं सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी टेविन पहिल्यांदाच घराण्याच्या सरावाला आला आणि शेवटपर्यंत दाराजवळ उभा राहिला. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दोघांपैकी कोणालाही फोन आलेला नव्हता.