बिनकानाचा निळा कप

मित्रांनो, मी एक जुना चिनी मातीचा कप आहे. पांढऱ्या अंगावर निळा पूल आणि पुलावर छत्रीवाला म्हातारा. मला कान नाही, पण ऐकू सगळं येतं.

चीनमधल्या एका कारागिराने मला घडवलं, रंगवलं, भट्टीत भाजलं. मग आम्ही भावंडं जहाजाच्या तळाशी बसलो आणि आमच्या डोक्यावर चहाच्या पेट्या! पाणी शिरलं तर चहा नासतो, कप नासत नाही, म्हणून आम्ही खाली. विलायतेत साहेबाला चहा आवडला, पण मला धरताना त्याची बोटं भाजायची. पुढे त्याने कानवाले कप केले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

अलीकडे मी तिथल्याच ब्रिस्टल शहरातल्या एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, येऊन पडलो. पुण्याहून इथे आलेल्या श्यामलाताईंनी मला उचललं आणि घरी नेऊन माझ्यात गोडा मसाला भरला. फोडणीच्या तडतडाटात मी अगदी रमलो.

एकदा त्यांचे यजमान शशिधर टीव्हीवर जुन्या वस्तूंचा कार्यक्रम बघून ओरडले, "अगं, असला कप अठराव्या शतकातला असतो! आणि तू त्यात मसाला भरतेस?"

"मग काय, त्याची पूजा करू?"

शशिधररावांनी मला घाईघाईने पुसलं आणि काचेच्या कपाटात कुलूपबंद केलं. रोज संध्याकाळी आल्याच्या चहाचा वास यायचा. तो ओतला जायचा मात्र सुपरमार्केटच्या मगांत. मी धूळ खात बघत राहायचो.

एका रविवारी पाहुणे आले. शशिधररावांनी मला तान्ह्या बाळासारखं ओंजळीत घेतलं. "कोणी हात लावू नका हं! याला अजून जहाजाचा वास येतो," असं म्हणत त्यांनी मला जोरात हुंगलं. तळाशी उरलेला गोडा मसाला थेट नाकात गेला. अशी शिंक आली, की मी टेबलाच्या कडेवर आपटलो!

इथेच जन्मलेली त्यांची लेक स्वराली किंचाळली, "बाबा, कप फुटली!"

"फुटला म्हण, फुटला!" बाबा रडवेल्या आवाजात म्हणाले.

श्यामलाताईंनी मला उचलून उजेडात फिरवलं. "चीर नाही. नुसता टवका उडालाय." मग मला धुऊन त्यांनी चहा ओतला. "घे. टवका पलीकडे ठेव आणि पी."

शशिधररावांची बोटं भाजली, पण ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि हळूच म्हणाले, "अजून आहे का गं?" मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. धुवा, पुसा, पण कोंडून ठेवू नका. आम्हालाही माणसांची सवय असते. आणि शिंक आलीच, तर आधी आम्हाला खाली ठेवा.