सरळ उभं राहणं

टेलरबाईंचं दुखणं कुणालाच धड कळत नव्हतं, खुद्द त्यांना तर मुळीच नाही. आज खांदा, उद्या पोटरी, परवा सगळंच. रिपोर्ट मात्र एकजात नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया असं नाव सांगितलं. ते उच्चारतानाही बाईंची जीभ अडखळायची. त्यातच तोल जाऊ लागला. एकदा तान्ह्या नातीला घेऊन त्या दारातच झोकांडल्या, सुनेनं दोघींना धरलं म्हणून निभावलं. तेव्हापासून नात हातात मिळायची, पण खुर्चीत बसल्यावर. बाईंना तिला उभ्यानं घ्यायचं होतं. बाकी दुखणं गेलं खड्ड्यात.

दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट मुलगी आधी व्यायाम करून घ्यायची, मग त्यांना एका थरथरणाऱ्या मशीनवर उभं करायची. मशीन सुरू झालं की तळव्यांपासून दातांपर्यंत सगळं हले आणि बाईंचा उजवा पाय आपसूक पायडल मारू लागे. जन्म शिलाई मशीनवर गेलेला. पायाखाली काही थरथरलं की त्याला वाटे, शिवण सुरू झाली.

"काकू, पायडल नको. दोन्ही पायांवर सारखा भार. गुडघे सैल."

"मी कुठं मारतेय? तोच मारतोय."

गंमत म्हणजे हलत्या मशीनवर त्या छान उभ्या राहत, आणि खाली उतरल्यावर जमीनच हलायला लागे.

"मग मी सुधारतेय की बिघडतेय?"

"पूर्वीपेक्षा बरं आहे," मुलगी म्हणाली. "पण मशीनमुळे की व्यायामामुळे, ते मलाही छातीठोक सांगता येणार नाही."

बाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला.

एका दुपारी दूध उतू चाललं. सुनेनं रडणारी पोर चटकन सासूच्या हातात दिली आणि ती आत धावली. खुर्चीचं तिला भानच राहिलं नाही. बाईंनी दोन्ही पायांवर सारखा भार दिला, गुडघे सैल सोडले. पोर हळूहळू शांत झाली.

सून परत आली. "आई, अशाच डोलत राहा. झोपेल आता."

बाई चपापल्या. आपण खांबासारख्या उभ्या आहोत अशीच त्यांची समजूत होती. गप्प राहिलं तर पोर हातात राहणार होती, खरं सांगितलं तर खुर्ची येणार होती. रडू येतंय की हसू, तेही कळेना.

"मी डोलत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "मी सरळ उभी आहे."

सुनेनं एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग ती बाईंच्या मागे येऊन उभी राहिली आणि त्यांच्या कमरेला हात लावून त्यांच्याबरोबर डोलू लागली.