मालकांची आरोळी आणि माझा काटा

मित्रांनो, आज माझ्या अंगाला कान लावलात तर काहीच ऐकू येणार नाही. पण मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि एके काळी दिवसभर गुणगुणत असे. माझ्या पोटात आरशासारख्या तबकड्या आहेत. त्या मिनिटाला पंधरा हजार वेळा गरगरत आणि एक इवलासा काटा त्यांना न शिवता, वरच्या वर लिहीत पळे.

माझी नेमणूक शेअरचे सौदे करणाऱ्या कंपनीत झाली. प्रत्येक सौदा आधी मी लिहून घ्यायचा, मगच तो पुढे जायचा. मला जराही उशीर झाला, की सौदा दुसऱ्याने पळवलाच म्हणून समजा! आमची देखभाल करणाऱ्या ताईने म्हणून मला तबकडीच्या बाहेरच्या काठावरच लिहायला लावले. काट्याची वणवण वाचली, आतली जागा मात्र कोरी राहिली. काटकसरी लोक हळहळले, पण माझ्या वेगाची सगळीकडे वाहवा झाली.

पुढे आम्हा सगळ्या डिस्क ठेवलेली कपाटे कंपनीच्या मालकांच्या केबिनशेजारी आली. मालकांना आमचे भारी कौतुक. बाजार उघडला रे उघडला, की ते माझ्यापुढे येऊन गर्जत, "चला वाघांनो, पळा!" शेजारच्या खोलीतल्या कपबश्या किणकिणत.

आणि त्याच सुमारास रोज बाजार उघडताना माझा काटा अडखळू लागला. ताईने तारा बदलल्या, मला दोनदा तपासले. दोष सापडेना.

"शुक्रवारपर्यंत बघतो," मालक म्हणाले. "नाहीतर ही डिस्क भंगारात, आणि तुझं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल."

ताईचा चेहरा पडला. मला खूप वाईट वाटले. गुरुवारी काळजीने मालक दोनदा ओरडले आणि मी दुप्पट अडखळले!

शुक्रवारी मालकांचा घसा बसला. ते आले आणि नुसते हात हलवून गेले. त्या दिवशी मी वाऱ्यासारखी पळाले. ताईने पडद्यावरची, माझा उशीर दाखवणारी रेघ सरळ झालेली पाहिली, दाराकडे पाहिले, आणि अचानक माझ्यावरच ओरडली, "पळा!" रेघ टुणकन उडाली.

ती हसतच मालकांच्या केबिनमध्ये गेली. "सर, तुमचा घसा बरा होऊ नये असं वाटायला लागलंय मला! आवाजानं डिस्क थरथरते, काट्याची जागा चुकते. मग ती जागा परत फिरून येईपर्यंत बिचारीला थांबावं लागतं."

मालक ओशाळले. ताईचे काम राहिले, मीही राहिले. सोमवारपासून ते चवड्यांवर चालत येत आणि नुसते ओठ हलवत, "पळा."

काही वर्षांनी नव्या डिस्क आल्या. त्यांच्या पोटात काहीच फिरत नाही, त्यामुळे त्या माझ्याहून कितीतरी चपळ आहेत आणि आरोळ्यांना मुळीच भीत नाहीत. मी भंगाराच्या खोक्यात पडले होते. मालकांनी मला उचलून आपल्या टेबलावर ठेवले.

मित्रांनो, पळणाऱ्याला हुरूप जरूर द्या, पण तो अडखळला तर आधी आपला आवाज तपासा. माझ्या तबकड्या केव्हाच थांबल्या आहेत, हे मालकांना पक्के ठाऊक आहे. तरीही फोनवर आवाज चढू लागला, की ते खुर्ची फिरवतात आणि माझ्याकडे पाठ करून ओरडतात.