ओळखीची बाई

शिवणबाईंनी व्हॅनच्या छतावर टकटक केलं. पण इतकं हळू, की मागच्या बाकावरच्या माणसानंही मान वर केली नाही. त्यांचा थांबा डोळ्यांदेखत मागे गेला.

या देशात गाड्यांना नंबर नव्हते, थांब्यांना पाट्या नव्हत्या. उतरायचं तर छतावर थाप मारून ओरडायचं, एवढा एकच नियम. नव्या कारखान्यातल्या मुलींना शिलाई शिकवायला बाई एवढ्या लांब आल्या होत्या. कापडावर बोट ठेवून, मान हलवून कामापुरतं भागत होतं. पण भर गाडीत परक्या भाषेत ओरडायचं म्हटलं की त्यांची दातखीळ बसायची. सुरुवातीला रोज पुढे जाऊन त्या पाय ओढत माघारी यायच्या.

मग ते गाडीतल्या एका अंडीवालीच्या ध्यानात आलं. रिकामे ट्रे मांडीवर घेऊन ती याच गाडीनं घरी जायची. एकदा तिनं आपणहून छतावर अशी थाप मारली, की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. तेव्हापासून बाईंच्या वतीनं तीच ओरडायची. आपलं घर कुठं, तेही तिनं दूरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट करून दाखवलं होतं. बाई हसायच्या, ती हसायची. बोलणं तेवढंच.

आज मात्र अंडीवालीला गाढ झोप लागली होती. तिचं डोकं बाईंच्या खांद्यावर कलंडलं होतं. इथं आल्यापासून बाईंच्या अंगाला कुणा माणसाचा स्पर्श झाला नव्हता. पुन्हा थाप मारायची तर खांदा हलणार. बाईंनी वर नेलेला हात हळूच खाली घेतला.

पुढचा रस्ता अनोळखी होता. पत्र्याची दुकानं गेली, अर्धवट बांधलेला पूल गेला. टाकी जवळ जवळ येत चालली, तरी ड्रायव्हर वेग कमी करीना.

"अहो, थांबवा गाडी! या बाईंना उतरायचंय!"

शिवणबाईच ओरडल्या होत्या, आपल्याच भाषेत, गळा फाडून. सगळी गाडी वळून बघायला लागली. ब्रेक लागला.

अंडीवाली दचकून उठली. तिनं आधी टाकी पाहिली, मग बाईंकडे पाहिलं. दोघी उतरल्या. तिनं काहीतरी विचारलं; बहुधा, तुम्ही इथं कशा? बाईंनी मागच्या रस्त्याकडे हात केला. अंडीवालीनं कपाळावर हात मारून घेतला, हसत बाईंचा दंड दाबला. तेवढ्यात बोळातून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती ट्रे सावरत लगबगीनं निघून गेली.

बाईंचा फोन वाजला. लेक होती.

"आई, कसला गोंगाट हा? आहेस कुठं?"

"नक्की नाही गं सांगता येत. एका ओळखीच्या बाईंबरोबर उतरले."

"अगं बाई! ओळखीसुद्धा झाल्या? नाव काय त्यांचं?"

बाईंनी बोळाकडे पाहिलं. तिथं आता कुणी नव्हतं.

"उद्या विचारते," त्या म्हणाल्या.

पलीकडून काहीच आलं नाही. रेंज गेली होती. फोन कानाशी तसाच धरून बाई माघारी चालू लागल्या.

"आणि आज मी ओरडले," त्या म्हणाल्या, "भर गाडीत."